ट्यूशनवाल्यांनो, 'जय हिंद मॅडमजी' म्हणत फोन आला तर आधी हे वाचा

घरी दहावीच्या शिकवण्या घेणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, खास करून ज्यांनी आपला मोबाइल नंबर ट्यूटर शोधायच्या साइटवर नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय त्यांच्यासाठी. फौजी पालक असल्याचं सोंग करणाऱ्या भामट्यांनी फोनवरून माझे वीस हजार नेलेत. फार मोठी रक्कम नाही असं काही जण म्हणाले, पण दोन पोरांची आख्ख्या टर्मची फी आहे ती. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नंतर चौकशी केली तर कळलं की हा प्रकार आपल्या धंद्यातल्या लोकांना बघूनच रचलेला आहे, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

मी नाशिकरोडला राहते. सायन्स वन आणि इंग्लिश घेते, स्टेट बोर्ड आणि सीबीएसई दोन्हीची मुलं येतात. आमच्याकडे देवळाली कॅम्प, आर्टिलरी सेंटर जवळच, त्यामुळे फौजी पालक ही काही नवलाईची गोष्ट नाही. दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, मधेच मूल येतं, आधीच्या शाळेतला पोर्शन वेगळा, मग ते जुळवून घ्यावं लागतं. तर असाच एक फोन दिवाळीनंतर आला. दिवाळीनंतर म्हणजे आमचा सीझनच, सहामाहीचे मार्क हातात पडलेले असतात, बोर्ड फेब्रुवारीत, पालक घाबरलेले असतात आणि रोज कुणाचा ना कुणाचा चौकशीचा फोन असतोच.

हिंदीत बोलला. 'जय हिंद मॅडमजी', आवाज एकदम अदबीचा. मुलगी दहावीला आहे, आर्मी स्कूलला, आत्तापर्यंत पोस्टिंग बाहेर होतं, आता फॅमिली देवळालीला शिफ्ट होतेय, फिजिक्स आणि इंग्लिशची बोर्डाची तयारी करून हवीय. मी नेहमीप्रमाणे विचारायला लागले, कारण मला खरंच माहिती हवी असते. आर्मी स्कूल म्हणजे सीबीएसई. तिथे दहावीला फिजिक्सचा वेगळा पेपर नसतो, सायन्सचा एकच ८० मार्कांचा पेपर, फिजिक्सचा वेगळा पेपर आयसीएसईला असतो. स्टेट बोर्डात गुरुत्वाकर्षण दहावीला आहे, सीबीएसईला ते नववीतच होऊन जातं. म्हणजे मूल कुठून येतंय हे कळल्याशिवाय मला सुरुवात कुठून करायची तेच ठरवता येत नाही. मी विचारलं की तिचा लाइटचा चॅप्टर झालाय का, न्यूमरिकलमध्ये अडते की डायग्राममध्ये, इंग्लिशला रायटिंगचा प्रॉब्लेम आहे की ग्रामरचा. सगळ्याला एकच उत्तर, 'आप जैसा ठीक समझें मॅडमजी, आप टीचर हो'.

इथे थांबून एक सांगते, कारण माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. खरा पालक पैशावर सगळ्यात शेवटी येतो आणि आला की घासाघीस करतो. त्याआधी तो डोकं खाऊन टाकतो. मॅडम त्याला समजतं हो सगळं पण 'शास्त्रीय कारणे लिहा' मध्ये दोन ओळींत आटपतो, काय करायचं. ॲप्रिसिएशन ऑफ पोएम तुम्ही पाठ करून घेता की स्वतः लिहायला लावता. एका बॅचला किती मुलं. मुलगी आहे, सातनंतर नको. रविवारी टेस्ट ठेवू नका, क्लासची टेस्ट असते. एका आजोबांनी मला भिंगाच्या सूत्रात चिन्हं कशी घ्यायची ते शिकवता का पाठ करून घेता असं विचारलं होतं, निवृत्त शिक्षक होते ते. आणि मग फी. 'दोन हप्त्यांत चालेल का, धाकटीला पण पुढच्या वर्षी तुमच्याकडेच पाठवणार आहे, बघा काहीतरी.' हा माणूस मुलीबद्दल एक वाक्य बोलला नाही, मी सांगितली ती फी जशीच्या तशी कबूल केली आणि वर म्हणाला ॲडव्हान्स आजच देतो. आता खरं सांगा, आपल्यापैकी कितीजणांना फी मागताना घशात शब्द अडकत नाही? महिना उलटतो तरी आपण 'असू दे, देतील' म्हणत बसतो. अशा माणसाला कुणी न मागता ॲडव्हान्स देतो म्हटलं की त्या पालकाबद्दल एकदम चांगलंच मत होतं. या भामट्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

मग व्हॉट्सॲपवर फोटो आले. डीपीला वर्दीतला माणूस, आर्मीचं आयकार्ड, आधार, कँटीन कार्ड, आणि मुलगी म्हणून शाळेच्या ड्रेसमधली एक पोरगी. मी काहीही मागितलं नव्हतं हां. न मागता कागदपत्रं पाठवणारा पालक मी आजवर पाहिला नाही, पण त्या वेळी उलट वाटलं की फौजी शिस्त आहे.

पुढचा भाग नीट वाचा. म्हणाला, आमचं पेमेंट आर्मीच्या अकाउंटमधून होतं, सिव्हिलसारखं नाही, आमचे अकाउंटवाले साहेब तुम्हाला कॉल करतील, ते सांगतील तसं करा. लगेच दुसऱ्या नंबरवरून कॉल, आवाज दरडावणारा, मागे वायरलेससारखी खरखर. 'मॅडम, आर्मी रूल के हिसाब से पहले व्हेरिफिकेशन होगा, आप दस रुपये भेजो, हम बीस भेजेंगे.' दहा पाठवले आणि खरंच वीस आले! हा त्यांचा गळ आहे. दहा रुपयांत समोरच्याच्या मनात एक गोष्ट बसते की इथे पैसे पाठवले की दुप्पट परत येतात, मग पुढची प्रत्येक पायरी त्याच चालीची वाटते.

मग क्यूआर आला. दहा हजारांचा. 'स्कॅन करो, ये रिसीव्हिंग का कोड है, पिन डालते ही आपके खाते में आ जायेगा.' स्क्रीनवर नाव कुठल्यातरी ट्रेडर्सचं दिसत होतं, विचारलं तर म्हणाला तो आमचा कॉन्ट्रॅक्टर आहे, पेमेंट त्याच्या थ्रू जातं. कॉल चालूच ठेवायचा, कट करू द्यायचा नाही, 'साहब लाइन पे हैं, टाइम कम है, पोर्टल बंद हो जायेगा'. पिन टाकला, दहा हजार डेबिट. ओरडले तर त्यालाच माझ्यापेक्षा जास्त काळजी! 'अरे मॅडमजी, एंट्री अटक गयी, एक बार और करो, दोनों साथ में रिव्हर्स होंगे, नहीं तो पहला वाला भी फँस जायेगा.' दुसरे दहा गेले ते असे, पहिले परत मिळवायच्या नादात. तिसऱ्यांदा म्हणाला आता अमाउंटच्या जागी एक 'कोड' टाका, २४९९९, ही अमाउंट नाहीये, व्हेरिफिकेशन नंबर आहे. तिथे मात्र फोन कट केला. अहो आयुष्यभर पोरांना राशी कुठली आणि एकक कुठलं हे शिकवते मी, रकमेच्या चौकटीत टाकलेला आकडा ही रक्कमच असते!

आता तांत्रिक मुद्दा, जो मी हल्ली माझ्या बॅचच्या मुलांकडून त्यांच्या आईवडिलांना सांगायला लावते. यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, किंवा बॅलन्स बघताना. पैसे यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, काहीच करावं लागत नाही, ते आपोआप येतात. तुमचा क्यूआर समोरच्याने स्कॅन करायचा, तुम्ही त्याचा नाही. आणि 'आर्मी पेमेंट सिस्टिम' नावाचं काहीही नसतं. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचे वडील सुभेदार आहेत, त्यांना हे सांगितलं तर बिचारे खजील झाले, म्हणाले मॅडम आमचा पगार तुमच्यासारखाच बँकेत येतो, आम्ही भाजीवाल्याला देतो तसंच तुम्हाला फोनवरून देतो, देतोच की दर महिन्याला. बरोबरच आहे.

पैसे गेल्यावर काय करायचं, त्यात लोक फार वेळ घालवतात. नवऱ्याला सांगू का, बँक उघडल्यावर जाऊ का, तो परत फोन करेल का. असलं काही नाही, आधी १९३० लावा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. लाइन बिझी लागते, लावत राहा, किंवा सोबत कुणी असेल तर त्याला नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार भरायला बसवा. तिथे यूटीआर नंबर विचारतात, म्हणजे पेमेंट ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या खाली जो बारा आकडी नंबर असतो तो, तुमची बँक, वेळ, रक्कम. हे सगळं एका कागदावर लिहून मगच फोन लावा. घाई यासाठी की पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळतो आणि एटीएममधून निघाला की संपलं, त्याआधी तक्रार पोचली तर वाटेतल्या बँकेला तो होल्ड करता येतो. माझ्या रकमेतला थोडा भाग असा एका खात्यात अडकलाय, बाकीचा गेला. तो अडकलेला मिळवायला पण कागदपत्रं, पोलिसांचं पत्र, फेऱ्या आहेतच.

बँकेवर फार भिस्त ठेवू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असं होतं की तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी गडबड केली आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार येत नाही, पण पिन तुम्हीच टाकला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. बँकेतल्या बाईंनी तेच वाक्य शांतपणे ऐकवलं. आणखी एक, ते जे 'व्हेरिफिकेशन'चे वीस रुपये आले ना, ते पण कुणा दुसऱ्या फसलेल्या माणसाच्या खात्यातून फिरून आलेले असू शकतात, मी तक्रारीत तो व्यवहार पण लिहून टाकला, उद्या माझ्याच खात्यावर कुणी बोट ठेवायला नको.

एक कृपा करा. आमच्या ग्रुपवर मी हे टाकल्यावर काही उत्साही मंडळींनी त्या आयकार्डचा फोटो 'हाच तो चोर' म्हणून पुढे ढकलायला सुरुवात केली. अहो तो चोर नाही. ही कार्डं कुठल्यातरी खऱ्या जवानाची चोरलेली असतात, जुनं सामान विकताना नाहीतर भाड्याचं घर बघताना त्याने कुणाला पाठवलेली, आणि तीच वर्षानुवर्षं फिरत राहतात. त्या मुलीचा फोटो पण तसाच. पोलिसांना द्या, ग्रुपवर नको.

हा खेळ फक्त आपल्याकडचा नाही. माझी मामेबहीण अमेरिकेत शाळकरी मुलांना फिजिक्स आणि इंग्लिश शिकवते, तिला याच धाटणीची मेल आली होती, माझी मुलगी सुट्टीत तुमच्या गावी येतेय, आधीच चेक पाठवतो. चेक ठरलेल्या फीपेक्षा जास्तीचा, आणि वरचे पैसे तिला आणणाऱ्या ड्रायव्हरला द्या म्हणे. तिथे बँक चेकचे पैसे आधी वापरायला देते आणि तो खोटा निघाल्याचं नंतर कळतं, तोवर तुम्ही ड्रायव्हरला दिलेले पैसे मात्र खरेच गेलेले असतात. तिने पण मुलीबद्दल चार प्रश्न विचारले होते, एकाचंही उत्तर आलं नाही.

शिकवण्या मिळवून देतो म्हणून आधी रजिस्ट्रेशन फी मागणारे ब्यूरो हा अजून वेगळा विषय, त्यावर जास्त लिहित नाही, काम द्यायच्या आधी पैसे मागतोय म्हणजे नाही म्हणायचं.

मी आता काय करते ते सांगते. नवीन चौकशी आली की फीचा आकडा सांगायच्या आधी म्हणते, मुलाचा शेवटच्या टेस्टचा सायन्सचा आणि इंग्लिशचा तपासलेला पेपर पाठवा, सगळी पानं, मार्क कमी असले तरी चालतील. खऱ्या पालकाकडे तो असतो, नसेल तर शाळेतून आणतो, आणि मलाही त्यावरून कळतं की पोरगं सूत्र चुकतंय की एकक लिहायला विसरतंय. मग मुलाला घेऊन घरी या, एक तास बसवते, पटलं तर पुढचं बोलू. फी माझ्या दाराशी लावलेल्या क्यूआरवर किंवा रोख. ऑनलाइन शिकणारा असेल तर आधी व्हिडिओवर मूल आणि पालक दोघं दिसले पाहिजेत, आणि मी मुलाशी बोलणार, पालकाशी नाही. यात एकही खरं ॲडमिशन गेलेलं नाही, उलट पेपर मागितल्यावर पालकांना बरंच वाटतं.

हे नियम केल्यापासून परत एकदा तसाच फोन आला होता, या वेळी मुलगी नाही, मुलगा होता आणि वडील म्हणे सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलात. पेपर पाठवा म्हटलं तर म्हणाला 'वो सब बाद में, पहले अकाउंटवाले साहब से बात कर लो'. फोन ठेवला आणि संचार साथी या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर संशयास्पद कॉल कळवायची 'चक्षु' म्हणून सोय आहे, तिथे नंबर टाकला. पैसे गेलेले नसले आणि नुसताच असा कॉल आला असला तर तिथे तक्रार करता येते, दोन मिनिटांचं काम आहे, व्हॉट्सॲप कॉल असला तरी चालतो, स्क्रीनशॉट तेवढा काढून ठेवा.