एचआरओ घ्यावा का एआर-८८?
लातूरला मित्राकडं हे दोन्ही जुने रेडिओ रिसिव्हर शेजारी ठेवून बघितले. नॅशनल कंपनीचा एचआरओ १९३५ चा, त्याची डायल म्हंजे लई सुंदर काम, नॉब फिरवला की छोट्या खिडक्यांतले आकडे बदलत जातात, ० ते ५००, पूर्ण दहा फेरे, आत वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्यानं फिरणारं दातेरी चाक), कुठंच ढिलं लागत नाही. पण बँड (म्हंजे स्टेशनं ऐकायचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) बदलायचा तर समोरून कॉइलचा (तारेच्या गुंडाळ्यांचा) अख्खा डबा ओढून काढा अन् दुसरा बसवा, त्यात आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ, कॉन्टॅक्ट सारखे पुसावे लागतात.

आरसीए कंपनीचा एआर-८८ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, सहाही बँड आतच, स्विच फिरवला की झालं. वजन जवळपास ४५ किलो, दोघांनी मिळून टेबलावर चढवला. नॉबला फ्लायव्हील म्हंजे जड चाक, झटका दिला की आपोआप फिरत राहतो. रोज ऐकायला मी हाच घेईन.