ऐरोलीतला फॅमिली डॉक्टर: आठ महिन्यांनंतर काय पटलं, काय खटकलं

जून ते जानेवारी. म्हणजे एक पूर्ण पावसाळा, ऑक्टोबरचा उकाडा आणि थंडीतल्या खोकल्याचे दोन महिने. एवढ्या काळात घरातल्या चार माणसांसाठी एकच दवाखाना वापरून हे लिहिलं आहे: एक बीपीचा पेशंट, एक मधुमेहाचा, एक लहान मूल आणि एक नोकरदार. दवाखाना ऐरोलीत, सेक्टरमधल्या जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात. एक एमबीबीएस डॉक्टर, एक कंपाउंडर, नंबर घेणाऱ्या एक ताई. सकाळी १० ते १, संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ, रविवारी फक्त सकाळी. तपासणी आणि तीन दिवसांची आतली औषधं मिळून ४०० रुपये. नुसते रिपोर्ट दाखवायचे असतील तर २००. नोंदणी क्रमांक भिंतीवरच्या पाटीवर आणि लेटरहेडवर दोन्हीकडे आहे. तो तसा असावा असा मेडिकल कौन्सिलचा नियमच आहे, तरी किती ठिकाणी दिसतो ते बघा.

आधी रांग. सकाळी साडेनऊला फोनवर नंबर मिळतो, संध्याकाळचा मात्र प्रत्यक्ष जाऊनच घ्यावा लागतो. साडेसातनंतर स्टेशनकडून आणि माइंडस्पेस आयटी पार्ककडून माणसं उतरतात, तेव्हा तासभर धरून चाला. सोमवारची संध्याकाळ सगळ्यात वाईट. बुधवार-गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास गेलं तर पंधरा-वीस मिनिटांत आत. रिपोर्ट दाखवायला आलेला आणि नवा तापाचा पेशंट एकाच रांगेत बसतो, हा दोष आठ महिन्यांत सुधारलेला नाही. रिपोर्टला तीन मिनिटं पुरतात, त्यांना वेगळी वेळ ठेवली तर निम्मी गर्दी सुटेल.

एक गोष्ट नवीन येणाऱ्यांनी नक्की लक्षात ठेवावी. इथे आधी कोणाला आत घ्यायचं हे ताई ठरवतात आणि त्या स्वतःहून लक्षणं विचारत नाहीत. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, थांबत नसलेल्या उलट्या असतील, पेशंट गुंगीत असेल किंवा मुलाला सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, तर नंबर न बघता काउंटरवर स्पष्ट सांगा. सांगितलं की लगेच आत घेतात, त्याबद्दल तक्रार नाही.

तपासणी हा या दवाखान्याचा खरा गुण. डॉक्टर हात लावून तपासतात, पाठीला स्टेथोस्कोप लावताना शर्ट वर करायला सांगतात, घसा बॅटरीने बघतात, मुलाचं वजन प्रत्येक वेळी करतात. वजनाचं महत्त्व पालकांनी समजून घ्यावं. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आता सिरप दोन ताकदींचं मिळतं, ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचं. बारा किलोच्या मुलाला पहिल्यातलं ५ ते साडेसात मिलिलिटर चालतं, दुसऱ्यातलं मात्र अडीच ते साडेतीनच. त्यामुळे 'ताप आला की ५ एमएल द्या' हे वाक्य बाटलीवरचा आकडा सांगितल्याशिवाय अपुरं आहे. डॉक्टर मिलिग्रॅम लिहितात, कंपाउंडर तोंडी एमएल सांगतो. कागदावरचं खरं धरा, आणि मेडिकलमधून दुसऱ्या कंपनीची बाटली आली तर आकडा पुन्हा वाचा.

बीपीच्या बाबतीत गर्दी आडवी येते. शांत वेळी इथे व्यवस्थित मोजतात: पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत, दोन वेळा. संध्याकाळच्या गर्दीत मात्र माणूस बाहेरून चालत येतो आणि खुर्चीत बसताच पट्टा बांधला जातो. असा आकडा हमखास वर जातो, आणि त्यावर गोळी वाढवली गेली तर नुकसान पेशंटचं. पाच मिनिटं बसून मग मोजा, असं म्हणायला संकोचू नका. इथे ते ऐकलं जातं. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, सिगरेट नको, लघवी तुंबलेली नको. जाड दंडाला नेहमीचा पट्टा लहान पडतो आणि बीपी खोटंच जास्त दिसतं. मोठा पट्टा दवाखान्यात आहे, खणात असतो, मागावा लागतो.

आता पुड्यांविषयी, कारण माझी मुख्य तक्रार तिथेच आहे. इथल्या बहुतेक जुन्या दवाखान्यांसारखं इथेही औषध आतूनच मिळतं: कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या, वर सकाळ-दुपार-रात्रीच्या रेघा. स्वतःच्या पेशंटला औषध द्यायला डॉक्टरांना मुभा आहे आणि ४०० रुपयांत सगळं भागतं हा मोठा आधारही आहे. पण पुडीवर नाव नसतं, ताकद नसते, मुदत नसते. यातून काय काय बिघडतं ते बघा. सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. पुडीतली ती गोळी घेऊन वर घरातली तापाची गोळी घेतली की डोस दुप्पट. बीपीच्या किंवा किडनीच्या पेशंटला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी जपून द्यावी लागते. पुडीत ती आहे की नाही हे घरच्यांना कळत नाही. अंगावर पुरळ उठलं तर कोणत्या गोळीने हे सांगता येत नाही, आणि पुढच्या वेळी तीच पुन्हा पोटात जाते. रात्री हॉस्पिटल गाठावं लागलं तर पहिला प्रश्न 'काय औषध चालू आहे' हाच, आणि उत्तर 'दोन पांढऱ्या आणि एक पिवळी'. शिवाय जुलैच्या दमट हवेत सुट्या गोळ्या कागदात ओल धरतात. पुडी झाकणाच्या डब्यात ठेवा, फ्रिजवर किंवा ओट्याजवळ नको.

उपाय सोपा निघाला. 'आतल्या औषधांची नावं केसपेपरवर लिहून द्या' एवढं म्हटलं की डॉक्टर लिहून देतात, अर्ध्या मिनिटाचं काम. जेनेरिक नावं, वाचता येतील अशी, शक्यतो इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहावीत असं कौन्सिलच्या २०१६ च्या दुरुस्तीत आहेच. मात्र दर खेपेला आपण मागितल्यावरच मिळतं, आपणहून नाही. आठ महिन्यांनंतरही हे मागावं लागतं याचं वाईट वाटतं, कारण ज्यांना मागायचं सुचत नाही त्यांनाच त्याची जास्त गरज असते.

अँटिबायोटिकसाठी तर आणखी सावध राहा. पुडी तीन दिवसांची, कोर्स पाच दिवसांचा, असं इथे अनेकदा होतं. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की कोण परत येतो? कोर्स अर्धवट राहतो. म्हणून दोनच प्रश्न विचारायचे: यात अँटिबायोटिक आहे का आणि एकूण किती दिवस? असेल तर 'बाहेरचं लिहून द्या' म्हणा. बंद पट्टी मिळते, नाव आणि मुदत दिसते. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे विक्रीवर जास्त कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत येतात. मार्च २०१४ पासून मेडिकलवाल्याला त्यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षं ठेवावी लागते, त्यामुळे चिठ्ठी जपून ठेवा. साध्या सर्दीला इथे अँटिबायोटिक सरसकट दिलं जात नाही आणि मागितलं म्हणून इंजेक्शन टोचलं जात नाही. हे दोन्ही मला फार मोलाचं वाटतं. याच कारणावरून इथून उठून दुसरीकडे जाणारे पेशंट आहेत, तरी डॉक्टर बदललेले नाहीत.

पावसाळ्यातल्या तापाला हा दवाखाना उत्तम सांभाळतो. पहिल्याच भेटीत ताप कोणत्या तारखेला, साधारण किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहितात. पुढचं सगळं त्या तारखेवर अवलंबून असतं. डेंग्यूची एनएस-१ चाचणी (रक्तात विषाणूचा अंश शोधणारी) पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगाची, त्यानंतर आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी). दुसऱ्या दिवशी आयजीएम करून निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहणं चूक, तसंच सातव्या दिवशी नुसत्या एनएस-१ वर विसंबणंही. हिवतापाचा नमुना एकदा निगेटिव्ह आला तरी ताप चालूच असेल तर पुन्हा द्यावा लागतो. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात तो मोफत तपासतात आणि डॉक्टर ते स्वतःहून सांगतात. डेंग्यूची शंका असेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल; अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक बंद, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सगळ्यात उपयोगी सूचना इथे मिळते ती ताप उतरण्याबद्दल. डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरताना असतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. लोक नेमके तेव्हाच औषध सोडून कामावर जातात. त्या दिवसांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पुन्हा करायला सांगतात, आणि प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिटही, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाणही बघतात. तो चढत असेल तर रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतंय असा अर्थ. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण थकवा यापैकी काही दिसलं तर दवाखाना उघडायची वाट न बघता थेट हॉस्पिटल. एक मात्र आपणच सांगायला हवं: साचलेल्या पाण्यातून चालणं झालं असेल, पायाला जखम असेल, तर न विचारता सांगा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा आजार) शंका त्यावरूनच येते.

मधुमेहाचं काम ठीकठाक. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची चाचणी) दर तीन महिन्यांनी व्हायला हवी, पण आठवण करून द्यायची सोय नाही. फाइलच्या शेवटच्या पानावर पुढची तारीख आपणच लिहायची. जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, हात धुतल्यापासून नव्हे. लॅब कोणती, याची सक्ती नाही.

लसींचा फ्रिज वेगळा आहे, आत थर्मामीटर आहे, दोन ते आठ अंश. महावितरणचं देखभालीचं शटडाऊन असलं तर त्या दिवशी लस नको, पुढची तारीख घ्या. टोचण्याआधी कुपी हातात घेऊन नाव आणि मुदत वाचू देतात, नंतर अर्धा तास थांबवतात. सुई पेशंटसमोर कापून पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात जाते, सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या. इथे बोट ठेवायला जागा नाही.

पावतीचं मात्र पुड्यांसारखंच: मागितली तरच. हॉस्पिटलात दाखल होण्याआधीचे, बहुतेक पॉलिसींत ३० दिवसांचे, खर्च मेडिक्लेममधून मिळू शकतात. पण त्यासाठी तारीख, सही आणि नोंदणी क्रमांक असलेली पावती आणि प्रिस्क्रिप्शन लागतं. तापाच्या पहिल्या भेटीलाच ती घ्या. नंतर मागच्या तारखेची मिळत नाही, आणि मिळू नयेच. आजारपणाचा दाखलाही मागच्या तारखेचा देत नाहीत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांत काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) आजारपणाच्या लाभासाठी खासगी दाखला पुरत नाही, ईएसआयच्याच डॉक्टरचा लागतो.

दुपारी दोन ते चार व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाहून उत्तर देतात, जुन्या पेशंटनाच. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी फोनवर लिहून देत नाहीत. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत ते बसतच नाही, त्यामुळे आग्रह धरू नये.

रात्री साडेनऊनंतर शटर बंद. मग ऐरोलीतलं महापालिकेचं राजमाता जिजाऊ रुग्णालय किंवा वाशीचं सार्वजनिक रुग्णालय. गाडी हवी तर १०८. दवाखाना चालू असताना पुढे पाठवायची वेळ आली तर डॉक्टर चिठ्ठी देतात. त्यात बीपी, नाडी, ऑक्सिजन आणि वेळ न चुकता असते. पण आत दिलेल्या औषधाबद्दल बरेचदा 'इंजेक्शन दिले' एवढंच. कोणतं, किती मिलिग्रॅम, किती वाजता, हे रिक्षात बसण्याआधी त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि पुडी चालू असेल तर तिची नावंही.