पहिली इटली: आमाल्फी की चिंक्वे तेर्रे?

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस पक्कं झालं की मधले दोन-तीन दिवस समुद्रकाठी घालवावेत असं बहुतेकांना वाटतं. मग घोडं दोन नावांवर अडतं: दक्षिणेला आमाल्फीचा किनारा आणि उत्तरेला लिगुरियातली चिंक्वे तेर्रेची पाच गावं. फोटो बघून यातला निकाल लागत नाही. सरळ समुद्रात उतरणारा डोंगर आणि त्यावर चढत गेलेली रंगीत घरं दोन्हीकडे आहेत. युनेस्कोच्या यादीतही दोन्ही जागा १९९७ सालीच आल्या. माझं पारडं चिंक्वे तेर्रेकडे झुकतं, आणि त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे: बस.

किनाऱ्याच्या पश्चिमेकडच्या सोर्रेंतोपासून आमाल्फी गावापर्यंत किनाऱ्याने रेल्वे नाही. कडा कापून काढलेला एसएस १६३ हाच रस्ता, आणि तो काही वळणांवर इतका चिंचोळा की समोरासमोर दोन बस आल्या तर एकीला मागे घ्यावं लागतं. सोर्रेंतो स्टेशनजवळून सुटणारी बस हंगामात पहिल्याच थांब्यावर भरते. वाटेतल्या पोझितानो गावाला पोचेपर्यंत आत पाय ठेवायला जागा नसते. चालक काचेतूनच हात हलवतो आणि न थांबता पुढे जातो. पुढची बस अर्ध्या-पाऊण तासाने, आणि तीही भरलेलीच येऊ शकते. सोबत आई-बाबा किंवा लहान मूल असेल आणि ऊन डोक्यावर असेल, तर अशा दोन बस हुकल्या की दुपारचा बेत बारगळलाच. पहिल्या सहलीत दिवस मोजके असतात, म्हणून मला ही गोष्ट सगळ्यात जड वाटते.

यावर तोडगे आहेत. बस जिथून सुटते तिथेच, म्हणजे सोर्रेंतो किंवा आमाल्फीला, बसावं. मधल्या गावात मुक्काम असेल तर सकाळी आठच्या आत निघावं. जातानाचं आणि परतीचं अशी दोन्ही तिकिटं तबाक्की म्हणजे तंबाखू-सिगारेटच्या दुकानातून आधीच घेऊन ठेवावीत. सोर्रेंतोहून जाताना समुद्र उजवीकडे असतो, पण गाडी लागत असेल तर खिडकीचा मोह सोडून पुढची सीट धरावी. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर फेरी बोटी चालतात. पूर्वेकडच्या सालेर्नो शहरापासून आमाल्फीपर्यंत सुमारे ३५ मिनिटं लागतात आणि प्रवास सुरेख होतो, मात्र समुद्र खवळला की फेऱ्या रद्द. भाड्याच्या मोटारीचा विचार सोडूनच द्या. हंगामात सम-विषम क्रमांकांचा नियम असतो आणि पार्किंगला जागा मिळता मिळत नाही.

चिंक्वे तेर्रेत हेच काम लोकल गाडी करते. ला स्पेत्सिया ते लेव्हांतो या मार्गावर पाचही गावांची स्टेशनं आहेत आणि दोन गावांमधला प्रवास दोन-चार मिनिटांचा. हंगामात दिवसा तासाला दोन-तीन गाड्या असतात, त्यामुळे एक गेली तरी जीव टांगणीला लागत नाही. दिवसात तीन-चारदा चढ-उतार होणार असेल तर त्रेनो कार्ड घ्यावं. त्यात गाड्याही येतात आणि पायवाटांचं शुल्कही. कागदी कार्डावर नाव लिहून पहिल्या प्रवासाआधी ते स्टेशनवरच्या मशीनमध्ये छापून घ्यायचं, नाहीतर दंड होतो. रिओमाज्जोरे आणि वेर्नात्साला फलाटाचा काही भाग बोगद्यात आहे. तुमचा डबा अंधारात थांबला तर स्टेशन आलंच नाही असं वाटून माणसं बसून राहतात. थांबलेली गाडी म्हणजे स्टेशन आलं, असं समजा आणि दाराचं बटण दाबा. संपाच्या दिवशी, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून, सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्यांची हमी असते.

गर्दी इथेही आहे, आणि ती भारी आहे. क्रूझचे प्रवासी अकराच्या सुमाराला फलाट भरून टाकतात. म्हणून ला स्पेत्सियाहून एका दिवसात उरकण्यापेक्षा एक रात्र तरी गावात काढावी. संध्याकाळी सहानंतर गाव मोकळं होतं. वयस्कर मंडळी असतील तर मोंतेरोस्सो निवडा, बरीचशी सपाट जागा आणि धड वाळूचा किनारा तिथेच आहे. कोर्नील्या उंचावर आहे, स्टेशनपासून ३८० च्या वर पायऱ्या, पण वर नेणारी छोटी बस आहे. मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा ही पायवाट साडेतीन किलोमीटरच्या आसपास, तरी उंचसखल पायऱ्यांमुळे दोन तास धरा. चपला चालत नाहीत, बूटच हवेत.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लिगुरियात पाऊस जोरदार होऊ शकतो. २५ ऑक्टोबर २०११ च्या पुरात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखलात गाडली गेली होती. हवामानाचा इशारा आला की पायवाटा बंद होतात. आमाल्फीकडे तेव्हा ऊब थोडी जास्त असते, पण बोटी थांबत आलेल्या असतात आणि पुन्हा बसचाच आसरा.

शाकाहारी माणसाची सोय दोन्हीकडे होते, लिगुरियात जरा जास्त. तिथली फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, भट्टीत भाजलेलं. आपल्या बेसनाच्या धिरड्याची जाडसर बहीणच. कडा कुरकुरीत असताना लगेच खावी. त्रोफिए पास्त्यावर पेस्तो, म्हणजे बेझिलची चटणी असते, त्यात चीज असतं हे जैन मंडळींनी विचारून घ्यावं, लसूणही असतोच.

पॉम्पेई बघायचंच असेल तर मात्र मी हट्ट धरणार नाही. नेपल्सहून सोर्रेंतोला जाणारी लोकल वाटेत पॉम्पेईलाच थांबते, काप्री बेटही जवळ, आणि आमाल्फीच्या वर डोंगरावर असलेल्या रावेल्लोच्या बागांमधून दिसणाऱ्या समुद्राला चिंक्वे तेर्रेत तोड नाही. अशा वेळी मुक्काम पोझितानोऐवजी सालेर्नोला करा. रोमहून थेट वेगवान गाडी आहे, खोल्या बऱ्याच स्वस्त पडतात, आणि सकाळच्या पहिल्या बोटीने निघालात तर त्या बसच्या वाटेला जावंच लागत नाही.