‘तापली की वर मारते’ म्हणून गळ्यात मारलेली बंदूक

वर १६ बोअरची छर्‍यांची नळी, खाली ७×५७ आर या काडतुसाची रायफल नळी. चाप दोन, पुढचा रायफलचा आणि मागचा छर्‍यांचा. अशी कॉम्बिनेशन गन घ्यायचं कितीतरी वर्षं माझ्या मनात होतं. एकट्याने पायी फिरणाऱ्या शिकाऱ्याला याहून सोयीचं हत्यार नाही, हे माझं मत आजही कायम आहे. झाडीतून पक्षी उठला तर छर्रा, लांबवर जनावर उभं राहिलं तर गोळी, आणि खांद्यावर ओझं एकाच बंदुकीचं. जर्मन शिकारी हिला बॉकब्युक्सफ्लिंटे म्हणतात. अमेरिकेत सॅव्हेजचं मॉडेल २४ याच जातीचं, फक्त त्यात रायफल नळी वर असते.

तशी एक जुनी जर्मन बंदूक विकायला आहे असं कळलं आणि मी धावलो. कागदपत्रं चोख होती. विकणारे गृहस्थ वयाने मोठे, बोलणं मधाळ. नळ्या आतून आरशासारख्या, बाहेरचा काळा रंग नवाकोरा. खरं तर एवढ्या जुन्या बंदुकीवर एवढा ताजा रंग कसा, हे मी तिथेच विचारायला हवं होतं.

झाडून पाहिली. पहिली गोळी मध्यावर, दुसरी चार बोटं वर, तिसरी आणखी वर आणि डावीकडे. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, “अहो, या नळ्या डाख देऊन जोडलेल्या असतात. खालची तापली की लांबते, वरची थंडच राहते, मग जोडी वरच्या बाजूला वाकते. या बंदुकीचा स्वभावच आहे तो. थंड होऊ द्या.”

यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि मी फसलो तो त्यामुळेच. मला आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी सांगितली, मी मान डोलावली आणि व्यवहार केला.

नंतर रोज एकच गोळी झाडली, बंदूक पूर्ण थंड असताना. पाच दिवसांत पाच भोकं, पाच ठिकाणी. धड जोडलेली बंदूक तापल्यावर वर चढते, पण थंड नळीची पहिली गोळी ती रोज जवळपास एकाच जागी टाकते. इथे तापण्याचा संबंधच नव्हता.

बंदूक कारागिराकडे नेली. त्यांनी नळ्या सुट्या करून एका बोटावर लटकवल्या आणि लाकडी मुठीने हलकेच ठोकल्या. डाख शाबूत असेल तर घंटेसारखा नाद घुमतो. माझ्या नळ्या तडकलेल्या मडक्यासारख्या बद्द वाजल्या. मग पुढचं लाकूड जिथे झाकतं त्या जागी, दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेवर त्यांनी नख ओढलं. काळा रंग निघाला आणि खाली डाखाऐवजी पुट्टी भरल्यासारखा करडा गोंद दिसला. फडक्याने पुसून ते फडकं त्यांनी माझ्या नाकाशी धरलं. ओल्या तांब्यासारखा आंबूस वास, लोखंडाला वरून चोळायच्या बाटलीतल्या रंगाचा.

आणखी एक गोष्ट तिथेच उघड झाली, आणि ती जास्त भयंकर. नळीच्या बुडाशी १६/६५ असा छाप होता, म्हणजे चेंबर, काडतूस बसतं ती जागा, ६५ मिलिमीटरचं. मला मात्र बेधडक सांगितलं होतं, “७० ची नेहमीची काडतुसं घाला.” ७० चं काडतूस अशा चेंबरमध्ये सहज बसतं, कारण झाडण्यापूर्वी त्याचं तोंड दुमडलेलं असतं. झाडल्यावर ते उलगडून पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. तेव्हा काडतूस आत गेलं म्हणजे चालतं असं कृपा करून समजू नका. छाप वाचा, चेंबर मोजून घ्या. नळ्या, बॉडी आणि पुढचं लाकूड यांवरचे नंबर जुळतात का तेही बघा. आणि विकणारा थंड नळीवर, वेगवेगळ्या दिवशी झाडू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

मी फोन केला तेव्हा उत्तर तयार होतं. “तुम्ही स्वतः झाडून पाहिली होती ना? तापली की वर जाते हे मी तेव्हाच सांगितलं होतं.”

पट्ट्या काढून, गोंद साफ करून, नव्याने डाख द्यायचा आणि दोन्ही नळ्यांचा नेम पुन्हा जुळवायचा, हे काम बंदुकीच्या किमतीवर जातं. सध्या ती कारागिराच्या बाकावर उघडी पडून आहे. त्या गृहस्थांकडे अशाच आणखी दोन विकायला आहेत असं परवा कानावर आलं, म्हणून हे आजच लिहायला घेतलं.