कोर्ट गल्लीतलं टायपिंगचं दुकान : माहिती अधिकाराचा अर्ज इथे लिहून घ्या

ठाणे कोर्टाच्या बाजूच्या गल्लीत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि खडखडणारं झेरॉक्स मशीन, बस एवढंच दुकान. आमच्या रस्त्याच्या काँक्रीटच्या कामाची माहिती हवी म्हणून मी दोन पानी कैफियत घेऊन गेले. टायपिंगवाल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "ताई, हे गाऱ्हाणं झालं. अर्जात विषय एकच, शब्द १५०." 'ठेकेदार चोर आहे' हे माझं आवडतं वाक्य सगळ्यात आधी कापलं! उरलं ते असं: कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा हुकूम), मोजमाप वही (रस्त्याची लांबी-जाडी मोजून लिहितात ती) आणि बिलांच्या प्रती. वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप.

२८व्या दिवशी नकार आला. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(घ), व्यापारी गुपित. रस्त्याच्या जाडीत कसलं आलंय गुपित? मी तावातावाने परत काकांकडे. ते म्हणाले, लष्कराची, चालू तपासाची गुपितं असायलाच हवीत. ठेकेदाराच्या दराचं एखादं गणितही झाकू दे. पण कलम १० प्रमाणे तेवढंच झाकून बाकीचं द्यावं लागतं. मग पहिलं अपील, २० रुपयांचा स्टँप.

मोजमाप वही आली. दोन ओळींवर काळी पट्टी, जाडीचा रकाना मात्र न झाकलेला.

अर्जाचे ६० रुपये घेतात, पोच कशी घ्यायची तेही सांगतात. दुपारी दीड ते तीन मात्र शटर खाली. आणि सुट्टे न्या, जीपे नाही.