घरचे व्हिडिओ मुलीला दाखवायला गेले आणि ७१,३८९ रुपये गेले

६,४९०, मग ४९,९००, मग १४,९९९. एकूण ७१,३८९ रुपये. मे २०२५ मधल्या एकाच दुपारी गेले. मी साताऱ्यात जीएसटीची कामं करते, दुसऱ्यांची बिलं तपासून पोट भरते, आणि ज्याने मला लुटलं त्याने आधी मला रीतसर बिल पाठवलं होतं. ते बिल आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

स्क्रीन ताब्यात घेऊन लुटायचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होता. रिझर्व्ह बँकेने असल्या ॲपबद्दल २०१९ मध्येच सावध केलं होतं, तो मेसेज मी स्वतः पुढे पाठवलेला आहे. त्यामुळे ‘एवढं शिकलेली बाई फसते कशी’ हे मला ऐकवू नका. नात्यातल्या निम्म्या लोकांनी ऐकवून झालंय.

आमच्याकडे जुन्या मिनी डीव्ही टेपांवरून उतरवलेले घरचे व्हिडिओ आहेत. लग्नं, मुंजी, गणपती, आणि माझी आई जात्यावर बसून ओव्या म्हणतेय ते. असल्या एका तासाच्या टेपचे साधारण १३ जीबी होतात. ‘ड्राइव्हवर टाकायचे ना’ म्हणणाऱ्यांनी गुणाकार करून बघावा, फुकटात १५ जीबी मिळतात. म्हणून भाच्याने जुन्या डेस्कटॉपला मोठी डिस्क लावून त्यावर प्लेक्स (आपल्या डिस्कवरचे व्हिडिओ टीव्हीवर, मोबाईलवर दाखवणारा प्रोग्रॅम) बसवून दिलं. घरच्या टीव्हीवर सगळं झकास दिसायचं. डब्लिनला मुलीकडे मात्र काही दिसेना. सेटिंगमध्ये लाल अक्षरांत यायचं की तुमच्या नेटवर्कच्या बाहेरून उपलब्ध नाही. त्यातच २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सने घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायला पैसे लावले. एकतर महिन्याला १.९९ डॉलरचा रिमोट वॉच पास घ्या, नाहीतर प्लेक्स पास. त्याच दिवशी आयुष्यभराचा पासही ११९.९९ वरून २४९.९९ डॉलरवर गेला. हे मी वाचलं होतं. आणि वाचलं होतं म्हणूनच, कुणीतरी फोनवर ‘आता पैसे भरावे लागतात’ म्हणाल्यावर मला ते खरं वाटलं. अर्धं खरं सांगणारा चोर ओळखायला कठीण असतो हो.

लाल अक्षरांतली ती ओळ जशीच्या तशी गूगलमध्ये टाकली. सगळ्यात वर जाहिरात, प्लेक्सचं चिन्ह, १८०० चा नंबर. प्लेक्सची फोनवरून मदत मुळात नसतेच, हे नंतर कळलं. कुठल्याही प्रोग्रॅमचा मदत क्रमांक शोधयंत्रात शोधू नका. त्या प्रोग्रॅमच्या आतूनच त्यांच्या साइटवर जा, आणि तिथे नंबर नसेल तर नंबर नाही असंच समजा.

मी तो नंबर फिरवला. माणूस मराठी बोलणारा. आधी मॅडम, दोन मिनिटांत ताई. त्याने स्क्रीन ताब्यात देणारं ॲप टाकायला लावलं, त्यात दिसणारे आकडे विचारले आणि माऊस आपोआप हलायला लागला. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून पिवळ्या-लाल खुणांची रांग दाखवली. ‘ताई, तुमच्या डिस्कवर बाहेरची माणसं येऊन बसलीत, घरातल्या बायकामुलींचे व्हिडिओ आहेत ना?’ या एका वाक्याने माझे हातपाय गळाले. त्या खुणा प्रत्येक कॉम्प्युटरवर असतात, तुमच्याही असतील, आत्ता उघडून बघा. साध्या चुकांची नोंद असते ती.

मग ईमेलवर बिल आलं. ‘स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) व आजीवन रिमोट सुरक्षा’ ५,५००, वर १८ टक्के म्हणजे ९९०, एकूण ६,४९०. मी बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती! पत्ता पुण्याचा, कर सीजीएसटी (केंद्राचा) ९ आणि एसजीएसटी (राज्याचा) ९ असा तोडलेला, आणि जीएसटी नंबर सुरू होत होता ०७ ने. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्र २७. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. दिल्लीच्या नोंदणीवरून साताऱ्यातल्या गिऱ्हाइकाला बिल केलं तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागतो, सीजीएसटी-एसजीएसटी येतोच कुठून? एका कागदावर इतकी ढळढळीत विसंगती, आणि मी ती पाहिली. पाहिली नाही असं म्हणत नाही. ०७ वर नजर गेली, मनात काहीतरी टोचलं, आणि तेवढ्यात तो म्हणाला, ‘ताई, दहा मिनिटांत स्लॉट जाईल, मुलीला फोन लावून ठेवा, लगेच टेस्ट करू.’ मुलगी तिकडे ऑफिसातून बाहेर येऊन मोबाईल हातात धरून उभी. दुसऱ्या कुणाचं बिल असतं तर मी तिथल्या तिथे परत पाठवलं असतं. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते लॉगिन न करता दिसतं, अर्ध्या मिनिटाचं काम. मी नंतर टाकला. दिल्लीतल्या भलत्याच एका दुकानाचा निघाला, त्या बिचाऱ्यालाही पत्ता नसेल.

यूपीआयने भरते म्हटलं तर ‘सर्व्हर डाउन आहे, नेट बँकिंगने करा’. म्हणजे माझा पासवर्ड त्याच्या डोळ्यांदेखत टाइप झाला. मग ‘मुलीच्या फोनसारखं तुमच्या फोनवर चालतंय का बघू’ म्हणून व्हॉट्सॲपवर एक एपीके फाइल आली, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून फोनवर ॲप बसवणारी फाइल. ती टाकली आणि त्या क्षणापासून माझे एसएमएस त्याला दिसायला लागले, मला यायचे बंद झाले. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडायची नाही, ती भावाने पाठवली असली तरी नाही. ‘सर्व्हर रीस्टार्ट होतोय, हात लावू नका’ म्हणत त्याने स्क्रीन काळी केली. काळ्या पडद्यामागे नवीन खातं जोडून ४९,९०० पाठवले. नव्या खात्याला पहिल्या दिवशी माझी बँक ५०,००० पर्यंतच जाऊ देते, हे त्या भामट्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. बँकेचा ईमेल आला म्हणून तरी कळलं. स्क्रीन काळी झाली की भिंतीवरचं बटण बंद करा, ‘शट डाउन’ शोधत बसू नका.

आता बँक. ४ वाजून २६ मिनिटांनी मी बँकेला फोन केला, फसवणूक झाली, सगळं बंद करा म्हणाले. ‘सगळं’ हा शब्द मी वापरला, कॉलचा तक्रार क्रमांक माझ्याकडे आहे. ५ वाजून ९ मिनिटांनी त्याच बँकेच्या क्रेडिट कार्डावरून १४,९९९ ची गिफ्ट व्हाउचरं घेतली गेली. का? तर म्हणे त्यांनी नेट बँकिंग बंद केलं, कार्ड वेगळ्या विभागाकडे असतं. विभाग तुमचे, नावावरचा लोगो एक, वार्षिक फी घेताना विभाग आठवत नाहीत! रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर. शाखेतल्या साहेबांनी कागद चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, ‘मॅडम, ओटीपी तुमच्याच मोबाईलवर गेलाय, म्हणजे तुम्हीच दिलात.’ परिपत्रक परत माझ्या हातात. पोच द्यायलाही तयार नव्हते, हेड ऑफिसला मेल करा म्हणे. मेलला उत्तर काय, तर ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लागायला वेळ लागला, पण लागला, आणि खरं सांगायचं तर या सगळ्यात कामाचं माणूस तिथेच भेटलं. तिने शांतपणे व्यवहार क्रमांक घेतले, आणि ४९,९०० पैकी ११,२०० पुढच्या खात्यात गोठले. बाकीचे तोवर पार झाले होते. म्हणून फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ कागदावर लिहून हाताशी ठेवा. मी शोधत बसले, त्यात मिनिटं गेली.

पोलीस ठाण्यात म्हणाले सायबरला जा. सायबरमध्ये म्हणाले, ‘एवढ्याशा रकमेला ठाण्यातच द्या, आमच्याकडे कोटींच्या केसेस पडल्यात.’ परत ठाण्यात गेले तर ‘अर्ज द्या’. अर्ज म्हणजे गुन्हा नव्हे, हे न समजायला मी काल जन्मले नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ड आहे, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, दोन्ही मी अर्जात घातली. त्यावर तिथल्या एकाने विचारलं, ‘व्हिडिओत काय होतं मॅडम? तसलं काही?’ बाजूचा हसला. माझ्या आईच्या ओव्या होत्या, म्हटलं, ऐकायच्यात? गप्प झाले, पण गुन्हा त्या दिवशी नोंदवला नाहीच. गोठलेले ११,२०० सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश आणा म्हणाले, आणि त्यासाठी वकील ५,००० मागत होता.

माझ्या मूळ अडचणीवरचा उपाय फुकट होता, हे वर मीठ चोळल्यासारखं. इंटरनेटवाल्याने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला होता. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये दिसला की समजायचं की बाहेरून थेट आत येता येणार नाही, पोर्ट कितीही उघडा. इंटरनेटवाल्याकडूनच स्टॅटिक आयपी मागायचा, किंवा टेलस्केल (लांबची मशीनं खाजगी जाळ्यात जोडणारा प्रोग्रॅम) दोन्हीकडे टाकायचं, घरगुती वापराला पैसे नाहीत. सोबत प्लेक्सऐवजी जेलीफिन हा तसलाच फुकटचा प्रोग्रॅम वापरला तर पासही लागत नाही. भाच्याने बंगळूरहून मुलीला फोनवर सांगून करून दिलं. त्याला आधीच विचारायचं होतं ना, असं त्याची आई म्हणते. तो कामात असतो म्हणून नाही विचारलं!

आणि एक. पैसे गेले म्हणजे संपलं असं समजू नका. त्याने ते ॲप माझ्या न कळत कधीही आत येता येईल असा पासवर्ड घालून ठेवलं होतं. ॲप काढा, फोन फॅक्टरी रीसेट करा, सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, राउटरचाही. डिस्क आधी वेगळी काढून ठेवा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा फेटाळलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार ऑनलाइन आणि फुकट करता येते, १४४४८ वर माहिती मिळते. मी केली आहे, ती १४,९९९ पुरती आणि ४ वाजून २६ मिनिटांच्या त्या तक्रार क्रमांकासह. पुण्याचा पत्ता आणि ०७ चा नंबर असलेलं ६,४९० चं बिल तुमच्याही ईमेलवर आलं असेल तर भरू नका. भरलं असेल तर आधी खातं आणि कार्ड दोन्ही वेगवेगळे फोन करून बंद करा, आणि प्रत्येक फोनचा तक्रार क्रमांक मागून घ्या.