पडद्याच्या फोटोवरून नजरेचा अंदाज: दोन वर्षं, दोन रुग्ण, एकच मशीन

तीस वर्षं मी मुद्रितशोधन केलं. एका पानावर शिरोरेषेला मध्येच खळगा दिसला, तेव्हा छपाईची चूक समजून मी समासात खूणही केली. पुढच्या पानावर तसाच खळगा. मग लक्षात आलं, की जिथे नजर रोखावी तिथेच ओळ वाकते. डावा डोळा झाकला तर ‘मधला’ हा शब्द ‘मला’ असा दिसला. मधलं अक्षर पुसलं गेलं होतं आणि बाजूची दोन जवळ सरकली होती. उजव्या डोळ्याच्या पडद्याला, अगदी केंद्रात, छिद्र पडलं होतं. त्याला मॅक्युलर होल म्हणतात.

डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) दवाखान्यात ओसीटी, म्हणजे प्रकाशाने काढलेला पडद्याच्या छेदाचा फोटो, बघून ‘नजर कितपत परत येईल’ हे उपचाराआधी सांगतात, त्या सेवेबद्दल हे लिहिते आहे. दवाखान्याचं नाव देत नाही. अशा ठिकाणी काय मिळतं आणि आपण काय मागून घ्यावं, एवढंच सांगायचं आहे.

तपासणी सोपी असते. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, समोरच्या खुणेकडे बघायचं. डोळ्याला काहीही लागत नाही. डोळ्याला जवळजवळ न दिसणारा अवरक्त प्रकाश आत जातो, पडद्याच्या प्रत्येक थरावरून थोडाथोडा परततो आणि त्यावरून मशीन पडद्याचा उभा छेद रेखाटतं. पाचेक मायक्रॉनपर्यंतचे बारकावे त्यात दिसतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माझी अडचण वेगळीच होती. मला मधली खूणच दिसत नव्हती! पहिले दोन फोटो भलत्याच जागेचे आले. टेक्निशियन मुलगा अजिबात वैतागला नाही. त्याने खूण बदलून मोठी फुली लावली, तरी जमेना, तेव्हा डाव्या डोळ्यासमोर बाहेरचा छोटा दिवा धरला. ‘काकू, या डोळ्याने दिव्याकडे बघा, तो डोळा आपोआप जागेवर येईल. पापणी मिटा, आता उघडा.’ चौथा फोटो नेमका केंद्रातून गेला. हे सविस्तर लिहिते, कारण पुढचा सगळा अंदाज या फोटोवर उभा असतो. केंद्र चुकलेल्या किंवा पापणी लवलेल्या फोटोवरून काढलेला आकडा छापून येतो तेव्हा तो बरोबरच वाटतो.

डॉक्टर मॅडमनी फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. छिद्र सगळ्यांत अरुंद जागी ३४० मायक्रॉनचं होतं. २५० ते ४०० च्या मधलं, म्हणजे मध्यम आकाराचं. मग त्यांनी खालच्या ठळक रेघांकडे बोट दाखवलं. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या एका भागात मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे कण, दाटीने भरलेले असतात आणि त्यांची रांग फोटोत चकचकीत रेघ म्हणून उमटते. तिला एलिप्सॉइड झोन म्हणतात, रिपोर्टात ‘ईझेड’. तिच्या वर आणखी एक बारीक, फिकी रेघ असते, ती बाह्य सीमापटलाची. ‘छिद्र बंद होईल की नाही हे बऱ्याच अंशी रुंदीवरून कळतं,’ त्या म्हणाल्या, ‘पण बंद झाल्यावर तुम्हाला किती दिसेल, ते या दोन रेघा कितपत जुळतात त्यावर.’

मला ते लगेच उमगलं. शिरोरेषा तुटली की अक्षरं असतात, पण शब्द राहत नाही.

त्यांनी सांगितलेला अंदाज असा होता: आता ६/३६ आहे (निरोगी डोळा ३६ मीटरवरून वाचतो ते मला सहा मीटरवरून दिसतं; ६/६ म्हणजे निरोगी नजर). शस्त्रक्रियेने छिद्र बंद होण्याची शक्यता चांगली, दहापैकी नऊ डोळ्यांत होतं. बंद झालं तर सहा महिन्यांत ६/१८ ते ६/१२ ची अपेक्षा ठेवा. ६/६ ची ठेवू नका, कारण छिद्राच्या कडांपलीकडेही ईझेड विरळ झालेली आहे आणि तुम्हाला चार महिने होऊन गेलेत. शस्त्रक्रियेनंतर मोतीबिंदू वाढेल, तेव्हा नजर पुन्हा खाली येईल, त्याने घाबरू नका. हे सगळं तोंडी होतं. मी म्हटलं, कागदावर लिहून द्या. त्यांनी दिलं. तो कागद या दोन वर्षांत मी कितीदा उघडला, त्याची गणती नाही.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात: डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढतात, छिद्राभोवतीचा अतिपातळ पापुद्रा सोलतात, गॅस भरतात. मी पाच दिवस पालथी होते. गॅस विरताना नजरेत एक डुचमळणारी पातळीची रेघ रोज खाली सरकत जाते, ती बघत बसायचं. ओसीटीचा पहिला शोधनिबंध १९९१ चा, आणि मॅक्युलर होल शस्त्रक्रियेने बंद करता येतं हे केली आणि वेंडेल या डॉक्टरांनी दाखवलं तेही १९९१ मध्येच. तेव्हा त्यांच्या ५२ डोळ्यांपैकी ३० मध्ये छिद्र बंद झालं होतं. त्याआधी अशा रुग्णाला ‘यावर उपाय नाही’ असं सांगून घरी पाठवत. माझ्या आधीच्या पिढीतल्या किती वाचणाऱ्यांचं मधलं अक्षर कायमचं गेलं असेल, या विचाराने मला आजही गलबलून येतं.

महिन्याने ओसीटी झाली. छिद्र बंद. वरची बारीक रेघ सलग झाली होती, ईझेडमध्ये मात्र फट होती. नजर ६/२४. मी हिरमुसले. मॅडमनी कागदावरची अपेक्षा दाखवली आणि सांगितलं, की आधी वरची रेघ जुळते आणि मग खालची, हाच क्रम असतो. वरची महिन्यात जुळली हे चांगलं लक्षण, आता थांबायचं. सहाव्या महिन्यात फट केसाएवढी उरली आणि तक्त्यावर ६/१२ आलं. अकराव्या महिन्यात पुन्हा ६/२४! मला वाटलं छिद्र उघडलं. ओसीटीत पडदा जसाच्या तसा होता, फक्त फोटोच धुरकट आला होता, कारण मोतीबिंदू प्रकाश अडवत होता. पडदा शाबूत असल्याने मोतीबिंदू काढल्यावर नजर परत येणार, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. आज उजव्या डोळ्याने ६/९ दिसतं. अक्षरं मध्यभागी अजून किंचित चिमटल्यासारखी दिसतात. तेही त्यांनी आधी सांगितलं होतं.

माझं चांगलं झालं म्हणून ही सेवा चांगली, असं मी म्हणत नाही. माझं मत दादामुळे पक्कं झालं.

दादाला बावीस वर्षं मधुमेह आहे. उजव्या डोळ्याच्या मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाला, सूज होती आणि दुसऱ्या एका ठिकाणी त्याला डोळ्यात इंजेक्शनं चालू होती. तिथे दर वेळी फक्त एक आकडा सांगत, केंद्राची जाडी. ५१२ मायक्रॉन होती, पाच इंजेक्शनांनंतर २७४ झाली, म्हणजे जवळपास निरोगी पडद्याइतकी. ‘सूज उतरली, आता दिसेल.’ पण दिसेना. ६/६० वरून जेमतेम ६/३६. प्रत्येक वेळी तक्त्यासमोर दादा घामाघूम व्हायचा. आपण नीट वाचत नाही, मन लावत नाही, असं त्याला वाटू लागलं होतं.

मी त्याला माझ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जाडीचा रंगीत नकाशा बाजूला केला आणि मधल्या छेदावर त्याच दोन रेघा शोधल्या. ईझेड केंद्राखाली तुकड्यातुकड्यांत होती. शिवाय वरचे आतले थर, जे एकमेकांपासून वेगळे दिसायला हवेत, त्यांची सीमाच ओळखता येत नव्हती. मधल्या एक मिलिमीटरमध्ये ही सरमिसळ जितकी पसरलेली तितकी नजर कमी, हे २०१४ पासून अभ्यासांत मांडलं गेलं आहे. मॅडम म्हणाल्या, ‘सूज म्हणजे पाणी. पाणी ओसरलं, पण तोवर जे बिघडलं ते सगळं परत येत नाही. या डोळ्यात फार तर एखादी ओळ वाढेल.’

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे मी तक्ता चुकीचा वाचत नव्हतो?’

‘नाही. तुम्ही दिसत होतं तेवढं अगदी बरोबर वाचत होता.’

त्याच भेटीत त्याच्या डाव्या डोळ्याचा छेद बघितला. सूज थोडीशी, पण दोन्ही रेघा अखंड. ‘या डोळ्यात वाचवण्यासारखं सगळं शिल्लक आहे, इथे एकही तारीख चुकवायची नाही,’ असं त्यांनी बजावलं. आधीच्या ठिकाणी सगळं लक्ष मोठ्या आकड्याच्या डोळ्याकडे होतं. चूक कुणा एकाची होती असं मला वाटत नाही. जाडी मोजायला सोपी, ती मशीन आपणहून छापून देतं. पण जाडी आणि नजर यांचं नातं मध्यम स्वरूपाचंच असतं. तेवढ्यावर कुणाला आशा किंवा निराशा देऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

तक्रारीही आहेत. छापील रिपोर्टात मोजके छेद असतात, बाकीचे मशीनमध्येच राहतात. मी मागितले तेव्हा सगळे छेद पेन ड्राइव्हवर मिळाले, पण मागावे लागले. दादाच्या जुन्या रिपोर्टात ‘आयएस-ओएस’ आणि माझ्यात ‘ईझेड’ असं होतं. रेघ तीच, नाव तज्ज्ञांच्या २०१४ च्या सहमतीत बदललेलं. रुग्णाला हे कुणी सांगत नाही, तो दोन वेगळे दोष समजून धास्तावतो. आणि दोन कंपन्यांच्या मशीनवरचे आकडे थेट ताडून पाहू नयेत, कारण पडद्याची तळरेघ प्रत्येक मशीन आपापल्या जागी धरतं. शक्यतो एकाच मशीनवर आणि मागच्याच छेदाची जागा धरून तपासणी करून घ्यावी. तशी सोय असते.

संगणकाच्या अंदाजाबद्दलही मी विचारलं होतं. २०१८ मध्ये लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयाने आणि गूगलच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीने ओसीटी वाचून रुग्णाला किती तातडीने पाठवावं हे तज्ज्ञांच्या तोडीने सांगणारी प्रणाली दाखवली. पण आजार ओळखणं वेगळं आणि या माणसाला सहा महिन्यांनी किती दिसेल हे सांगणं वेगळं. आमच्या डॉक्टर सॉफ्टवेअरकडून पाण्याचं मोजमाप घेतात आणि रेघा स्वतः वाचतात. मला तेच हवं आहे. दादाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला समोर माणूस असावा.

गेल्या आठवड्यात दादाच्या डाव्या डोळ्याची ओसीटी झाली. रेघा अखंड, नजर ६/९. कागदावर अंदाज लिहून घेतला आहे. पुढची तारीख आठ आठवड्यांनी.